अप्पांचा वाल

माझे वडील शिंपी. लातूरला गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे कपड्याचं एक कपाट, कटिंगचं टेबल, मशीन आणि बसायला स्टूल. तेवढ्यावर त्यांनी मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि आई गेल्यावर स्वतःच्या हातानं भाकरी करून खात एकटेच तिथं राहिले. मी त्यांची एकुलती एक. लग्नानंतर मी नांदेडची झाले, इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. "अप्पा, आता इकडं या राहायला," असं मी दर दिवाळीला म्हणायची आणि ते दर दिवाळीला एकच उत्तर द्यायचे, "लेकीच्या घरी राहायला मी काय थकलो हाय का?"

होळीच्या आसपासची गोष्ट. दुकानात कापड कापताना त्यांच्या हातातून कात्री निसटली. त्यांनी उचलली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा वाकले ते तिथंच बसले. शेजारच्या चप्पलवाल्यानं पाहिलं, तर तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या भल्या माणसानं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. मी आणि माझे मिस्टर पोचलो तेव्हा अप्पा शुद्धीवर होते. माझ्याकडं बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मला तरीही कळलं नाही. तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

लकवा. उजवी बाजू गेली होती.

दवाखान्यातून त्यांना थेट नांदेडला आणलं. विचारायचं कुणाला, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. पाय लवकर परत आला. काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. बोलणंही हळूहळू सुटलं, शब्द जड पडायचे पण पडायचे. हात मात्र आला नाही. उजवा हात कुणी दुसऱ्यानं मांडीवर ठेवून द्यावा तसा पडून असायचा. माझ्या वडिलांचा तो हात. शर्टाची कॉलर बसवताना त्या हाताकडं बघायला गिऱ्हाईकं थांबायची. लहानपणी मी शाळेतून येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची ते त्या हाताचं काम बघायलाच.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं त्याला विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं. अप्पांची ही पूजा कधी चुकली नव्हती. आई गेली त्या सकाळीही चुकली नव्हती. आता लिंग डाव्या तळहातावर असायचं आणि पुढं काही नाही. मी शेजारी बसून त्यांचा उजवा हात माझ्या हातात धरून पूजा करवून घ्यायची. ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा म्हणाले, "ही तुझी पूजा झाली अक्का. माझी न्हाई."

मी लेक असले तरी ते मला अक्काच म्हणतात. आमच्याकडं थोरल्या लेकीला तसंच म्हणतात, आणि थोरली काय, धाकटी काय, मी एकटीच होते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. कामात हुशार, बोलायला गोड. तिनं अप्पांच्या हातात एक रबरी चेंडू दिला. दाबा म्हणाली, सोडा म्हणाली. अप्पांनी चेंडू डाव्या हातानं उचलून अंगणात फेकला. "मी काय लेकरू हाय?" मग तिनं दोन वाट्या मागितल्या, एकीत हरभरे घातले आणि एकेक दाणा चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. अप्पांनी विचारलं, "अन् मग?" ती म्हणाली, "मग परत या वाटीत." अप्पा माझ्याकडं बघून राहिले. "सारी जिंदगी काम केलं अक्का. हे काम न्हाई."

जेवतानाही तेच. लेकीच्या घरचं फुकट खायचं हे त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. अर्धी भाकरी खाऊन पुरे म्हणायचे. माझे मिस्टर हदगावला नोकरीला आहेत, रोज बसनं जा-ये करतात. ते संध्याकाळी आले की अप्पा खुर्चीवरून उठायला धडपडायचे. जावयासमोर बसून कसं राहायचं! "मामा, बसा हो," हे म्हणायचे, पण अप्पा काठी शोधत राहायचे.

अशात एका दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. या मूळच्या धर्माबादच्या. तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात आणि दोन्ही जोरात बोलतात. त्यांच्या हातात सूपभर वाळक्या शेंगा होत्या. त्यांच्या कंपाउंडवरचा वालाचा वेल उन्हाळ्यानं वाळला होता आणि त्यांना बी काढून ठेवायचं होतं.

"अप्पा, जरा एवढ्या चिक्कुडकाया सोलून देता का? मला चुलत दिराकडं जायचंय, घाई हाय," असं म्हणून त्यांनी सूप अप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि निघूनही गेल्या. हात कसा आहे, जमेल का, काही विचारलं नाही. त्यांच्या लक्षात नव्हतं की मुद्दाम केलं हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मी सूप उचलायला गेले. अप्पा म्हणाले, "राहू दे. त्या बाईला घाई हाय म्हणली ना?"

वाळकी शेंग एका हातानं सोलता येत नाही. एका हातानं धरावी लागते, दुसऱ्यानं उकलावी लागते. अप्पांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून सुपाच्या काठावर ठेवला, शेंग त्या बोटांच्या खाली सरकवली आणि डाव्या अंगठ्यानं फोडली. बी उडून फरशीवर गेलं. दुसरी शेंग. पुन्हा बी उडालं. मी वह्या तपासत होते आणि वह्या तपासत नव्हते. दिवेलागणीला वहिनी आल्या तेव्हा वाटीभर बी तयार होतं. काळसर तपकिरी, एका कडेला पांढरीशुभ्र रेघ, मशीननं टीप मारल्यासारखी. अप्पा एक बी डोळ्यांजवळ नेऊन ती रेघ बघत होते.

"हे लावलं तर येतं का?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"येत न्हाई तर! वेल अंगावर येतोय. घ्या की मूठभर."

आमच्या घरामागं, मोरी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. घर बांधताना उरलेला मुरूम आणि विटांचे तुकडे तिथं पडलेले. मी तिथं कधी तुळससुद्धा लावली नव्हती. अप्पांनाही मातीतलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या घराण्यात शेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापड, धागा आणि सुई. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अप्पा मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेले आणि काठीच्या टोकानं विटांचे तुकडे एका बाजूला ढकलत होते.

"काय करून राहिलात अप्पा?"

"जागा साफ करून राहिलो."

रविवारी यांनी खोदून दिलं, कुणाकडून तरी शेणखताचं पोतं आणलं. अप्पांनी बी दोन दिवस पाण्यात भिजवलं, भर उन्हाळ्यात पेरलं, आणि प्रेमानं सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्यातांब्यानं पाणी घातलं. नांदेडला आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो. मी भांडी धुतलेलं पाणीसुद्धा त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची. आठवडा गेला, अजून काही दिवस गेले. काही उगवलं नाही. शेवटी अप्पांनी एका ठिकाणी माती उकरली. बी फुगून मऊ झालं होतं आणि दाबल्यावर वास आला.

त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. "माझ्याच हातात जीव न्हाई," म्हणाले, "बियात कुठून येईल?"

मी भिंतीवरून वहिनींना हाक मारली. त्या आल्या, उकरलेलं बी पाहिलं आणि खळखळून हसल्या. मला त्यांचा राग आला, पण अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. इतके दिवस त्यांच्यासमोर सगळे हळू बोलत होते, कुणी हसत नव्हतं.

"बुडवून मारलं हो अप्पा तुम्ही त्याला! इतकं पाणी म्हशीला पुरंल. अन् उन्हाळ्यात कोण लावतं? आषाढ लागू द्या. बोट घालायचं मातीत, दोन पेरं, बी सोडायचं, झाकायचं अन् विसरून जायचं. बी हाय माझ्याकडं अजून. फिकीर करू नका."

आषाढापर्यंत अप्पांनी दिवस कसे काढले मला माहीत आहे. माती चाळली, खडे वेचले. मधल्या काळात व्यायामाच्या मुलीचा चेंडूही त्यांनी परत मागून घेतला. का, ते सांगितलं नाही. मग एका ढगाळ सकाळी, शाळेला निघण्याआधी, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अप्पा खुर्ची सोडून चक्क जमिनीवर बसले होते. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मातीत खुपसत होते. डावं बोट चाललं असतं की. काठीही चालली असती. पण नाही, त्यांना उजवंच बोट घालायचं होतं. बोट वाकायचं, मातीवर घसरायचं. ते पुन्हा सरळ करायचे, पुन्हा दाबायचे. माझे पाय दाराकडं वळले. व्यायामाची मुलगी म्हणाली होती, ते करत असतील तर मदत करू नका, कितीही वाटलं तरी. मी ओट्याला धरून उभी राहिले. शाळेला उशीर झाला.

या वेळी उगवलं. माती आधी तडकली, मग त्यातून वाकलेली मान वर आली, मग दोन जाड पानं उघडली. अप्पांनी मला हाक मारली ती शेजारच्या वहिनींच्या घरात ऐकू गेली. लकव्यानंतर मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. गिऱ्हाइकाचा शर्ट तयार झाला की दुकानातून रस्त्यापलीकडं जायचा, तो आवाज.

वेल वाढायला लागला तसा आधार हवा झाला. माझ्या मिस्टरांनी हदगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पऱ्हाट्या आणायचं ठरवलं. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती वाळकी काटकी म्हणजे पऱ्हाटी. तिकडं कुंपणाला, चुलीला तीच वापरतात. त्या शेतकऱ्याकडं गेल्या हंगामातल्या रचून ठेवलेल्या होत्या. यांनी चांगला भारा बांधला आणि बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, हे काय सरपण न्यायचं वाहन हाय का?" हे म्हणाले, "सरपण न्हाई, सासऱ्याच्या बागेला आहे." बसमधले सगळे हसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय लावलंय सासऱ्यानं?" वाल म्हटल्यावर तो म्हणाला, "मग येऊ द्या हो, वालाला पऱ्हाटीच लागती." शेवटच्या सीटखाली भारा सरकवला गेला. नांदेडच्या स्टँडवरून रिक्षात, रिक्षातून घरी. शर्टाला ठिकठिकाणी ओरखडे पडले होते. अप्पांनी आधी पऱ्हाट्या पाहिल्या, मग जावयाचा शर्ट. "काढून ठेवा," म्हणाले, "बघतो जमतं का." त्यांनी आपणहून यांना काही म्हटल्याची ती पहिली वेळ.

पऱ्हाट्या रोवल्या, वरून सुतळ्या ताणायच्या होत्या. इथं माझे वडील पुन्हा शिंपी झाले. त्यांनी लातूरहून आलेल्या पिशवीतून मापाची पट्टी काढली आणि गळ्यात टाकली. नुसती गळ्यात टाकली तशी पाठ ताठ झाली. माप घ्यायचं तर एक टोक धरावं लागतं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्यांनी पट्टीचं टोक अडकवलं. पट्टी सुटली. पुन्हा अडकवली. भिंतीपासून काठीपर्यंत, काठीपासून काठीपर्यंत. सुतळीच्या गाठीला एकेक सकाळ गेली. एक टोक दातात धरून, एक डाव्या हातात, आणि उजव्या हाताचं बोट गाठीवर नुसतं ठेवलेलं, गाठ सरकू नये म्हणून. त्या बोटाचं काम तेवढंच, पण होतं. मांडव झाला तेव्हा सुतळ्या अशा समांतर होत्या की मी माझ्या नववीच्या वर्गाला दाखवायला आणावं असं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "अप्पा, हा वेलाचा मांडव हाय का लग्नाचा?"

दसऱ्याच्या सुमाराला फुलं आली. जांभळी, तुऱ्यासारखी, सरळ आकाशाकडं बघणारी. आणि फुलांच्या मागोमाग मावा आला. काळे बारीक किडे, कोवळ्या शेंड्यांवर आणि तुऱ्यांच्या देठांवर असे चिकटलेले की देठ दिसेना. मी औषध आणते म्हणाले. अप्पा म्हणाले, "खायची वस्तू हाय. विष कशाला?" वहिनींनी राख सांगितली, साबणाचं पाणी सांगितलं. दोन्ही केलं. पण पहाटेच्या चहानंतर अप्पा जे बसायचे ते एकेक शेंडा धरून, अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच पुसून काढायचे. जोर जास्त लागला तर शेंडा तुटायचा, कमी लागला तर किडा राहायचा. सुरुवातीला डाव्या हातानं करायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते उजव्या हातानं करून राहिलेत. डाव्या हातानं वेल खाली ओढून धरलाय आणि उजवा अंगठा, उजवं बोट, शेंड्यावरून खाली, पुन्हा वर. बोटं काळी झालेली. त्यांना त्याचं भानच नव्हतं. मी पाय न वाजवता मागं सरले. बोलले तर तो हात थांबेल असं वाटलं.

व्यायामाची मुलगी त्या आठवड्यात आली तेव्हा तिनं त्यांचा अंगठा धरून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "काका, चेंडू दाबत होता ना रोज?"

"चेंडू कुठला," अप्पा म्हणाले. "लई किडे होते."

मग ती सकाळ. सुट्टी संपायच्या आतली. मी आंघोळ करून पूजेच्या ठिकाणी गेले, नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसायला. अप्पा आधीच बसलेले होते. डाव्या तळहातावर लिंग. उजवा हात विभूतीच्या डबीकडं चालला होता. हळू. मध्येच थांबत, थरथरत. बोटं डबीत गेली, बाहेर आली, थोडी विभूती मांडीवर सांडली, पण थोडी बोटांवर राहिली. ती त्यांनी लिंगाला लावली. मग बेलाचं पान. चिमटीत पान धरलं, उचललं, वाहिलं. मी दारातच उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मीही पुढं गेले नाही, ती पूजा माझी नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि रडले, हे लिहायला मला काही वाटत नाही. माझ्या वडिलांनी मला पदवी घेताना पाहिलं होतं, तेव्हा ते व्यासपीठासमोर नव्या सदऱ्यात ताठ बसले होते. आज माझी पाळी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेंगा तोडणीला आल्या. पहिल्या शेंगा अप्पांनीच तोडल्या, खाली दुरडी ठेवून. शिरा त्यांनीच काढल्या. वालाच्या शेंगेची शीर टोकाला मोडून हळूच ओढली की दोऱ्यासारखी अख्खी निघते, आणि दोऱ्याचं काम माझ्या वडिलांना सांगायला लागत नाही. मी भाजी केली. तेलात लसूण, जिरं, वरून येसर मसाला आणि शेंगदाण्याचा कूट. ज्वारीच्या भाकरी. संध्याकाळी हे आल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. अप्पा उठले. काठी न घेता उठले, भाजीचं पातेलं स्वतःकडं ओढलं आणि पळी डाव्या हातात घेऊन आधी यांच्या ताटात वाढली.

"घ्या जावईबापू. घरची हाय."

"मामा, तुम्ही बसा, मी घेतो."

"न्हाई न्हाई. आज तुम्ही बसा."

हे बसले. भाजी खाल्ली, पुन्हा मागितली. अप्पांनी पुन्हा वाढली. त्या दिवशी अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या. अर्धी खाऊन पुरे म्हणणं त्या दिवसापासून जे बंद झालं ते झालंच.

वेलानं मग काही ऐकलं नाही. मांडव भरून भिंतीवर गेला, भिंतीवरून वहिनींच्या बाजूला उतरला. रोज दुरडीभर शेंगा. आम्ही खाल्ल्या, वहिनींनी खाल्ल्या, मी शाळेत नेल्या. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की मी न विचारता सांगायची, "आमच्या अप्पांच्या हातच्या आहेत." एक सहकारी म्हणाल्या, "मॅडम, किती वेळा सांगाल?" मी म्हटलं, अजून पुष्कळ वेळा सांगणार आहे.

संक्रांतीनंतर अप्पा म्हणाले, "लातूरला जाऊ." मला वाटलं परत राहायला जायचं म्हणतात. भाड्याची गाडी करून आम्ही गेलो. चप्पलवाल्यासाठी पिशवीभर शेंगा घेतल्या होत्या. अप्पांनी स्वतः कुलूप काढलं, शटर मी वर केलं. धुळीनं माखलेलं मशीन पुसलं, तेल घातलं, एक चिंधी घेतली आणि स्टुलावर बसले. पाय चालला. चिंधीवर टीप पडली. वाकडी. त्यांनी चिंधी उलटून दुसरी टीप मारली. तीही वाकडी. मग कात्री उचलून पाहिली. मोठी कात्री, लोखंडी, माझ्या मनगटालाही जड जाते. ती त्यांच्या उजव्या हातात उघडली पण मिटली नाही.

मी वाट बघत होते की आता ते तोंड फिरवतील. ते हसले. "कात्रीला माझा राग आलाय अक्का," म्हणाले. "एवढे दिवस सोडून गेलो ना."

समोरच्या गल्लीत त्यांच्या ओळखीचा एक तरुण शिंपी भाड्याच्या मशीनवर बसतो. त्याला बोलावून त्यांनी कात्री दिली, मशीनही दिलं. त्यानं पायाला हात लावला. अप्पांनी त्याला एवढंच सांगितलं की तेल दर शनिवारी घालायचं. स्टूल मात्र कुणाला दिलं नाही, ते गाडीत ठेवायला लावलं. आता ते मागच्या दारात असतं. वेलाशी बसायला खुर्ची फार उंच पडते म्हणतात.

परतीच्या वाटेवर मी हिंमत करून विचारलं, "अप्पा, वाईट वाटलं का?"

ते बाहेर बघत होते. हरभऱ्याची शेतं मागं पडत होती. "हात गेला तव्हा वाटलं होतं," म्हणाले. "आता न्हाई. शर्ट लई शिवले. शर्टाला शेंगा येत न्हाईत."

हे या वर्षाच्या सुरुवातीचं. आता पुन्हा बी निघालंय, सुपात वाळतंय. वस्तीतले लोक मागायला येतात. अप्पा प्रत्येकाला विचारतात, जागा कुठं, ऊन किती, पाणी कोण घालणार. नीट उत्तर दिल्याशिवाय बी मिळत नाही. पाणी जास्त घालणाऱ्यांना तर चांगलंच सुनावतात.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. मला वाटलं बियांसाठी आली. तिच्या नवऱ्याला महिन्यापूर्वी लकवा झाला, डावी बाजू. रिक्षा चालवायचा. आता कुणाशी बोलत नाही, व्यायाम करत नाही, डॉक्टरवर ओरडतो. तिला कुणीतरी सांगितलं होतं की या घरात एक अप्पा आहेत. ती माझ्याशी बोलत होती, पण अप्पांनी आतून ऐकलं. सदरा घालून बाहेर आले. कपाळावर सकाळची विभूती.

"लांब हाय का घर?"

"न्हाई अप्पा, कोपऱ्यावरून वळलं की."

"चल मग."

मी म्हटलं, "अप्पा, मी येऊ का सोबत?" त्यांनी हातानंच नको म्हटलं. उजव्या हातानं. ती बाई पुढं, अप्पा काठी टेकत मागं, गल्लीतून चालत गेले. जाता जाता त्यांनी तिला विचारलेलं मला ऐकू आलं, "ओरडतो म्हणलीस ना? म्हणजे आवाज हाय. मग काळजी कशाची?"

दुपारच्या जेवणाला ते आले नाहीत. मी अप्पांच्या मोबाइलवर फोन केला तर त्या बाईनं उचलला. मागं दोन पुरुषांचे आवाज येत होते, एक अप्पांचा, एक अनोळखी, आणि दोघं कशावरून तरी मोठ्यानं वाद घालत होते. "अप्पा जेवूनच येतील म्हणतात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.